भक्तिगीताचे नवे रूप आणि श्रोत्याचा कौल
(ख्रिस्ती रॉक संगीत व मराठी ख्रिस्ती गीतपरंपरा यांच्या संदर्भात)

प्रस्तावना :

धार्मिक आशयाचे गीत ऐकणारा श्रोता एकाच वेळी रसिक असतो आणि भाविकही असतो. त्यामुळे अशा गीताने नवे रूप धारण केले की त्याची प्रतिक्रिया केवळ आवडीनिवडीची राहत नाही. 'हे गीत चांगले आहे का?' आणि 'हे गीत आपले आहे का?' हे दोन प्रश्न तिच्यात मिसळून जातात. समीक्षेचे पहिले काम म्हणजे या दोन प्रश्नांची फारकत करणे होय. अमेरिकेतील एका ख्रिस्ती रॉक वाद्यवृंदाला मिळालेला प्रतिसाद आणि मराठी ख्रिस्ती गीतांचा इतिहास परस्परांशेजारी ठेवून प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

स्ट्रायपर आणि त्याचे चाहते :

कॅलिफोर्नियातील 'स्ट्रायपर' हा वाद्यवृंद १९८० च्या दशकात पुढे आला. कर्कश विद्युत गिटार, ढोलांचा प्रचंड आघात, अतिउंच पट्टीतील गायन आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा पोशाख हे त्याचे बाह्य रूप होते, तर गीतांचा आशय उघडपणे ख्रिस्ती होता. कार्यक्रमात श्रोत्यांच्या दिशेने नव्या कराराच्या प्रती फेकण्याची या वाद्यवृंदाची प्रथा गाजली. १९८६ मधील 'टू हेल विथ द डेव्हिल' हा संग्रह विलक्षण लोकप्रिय झाला. परंतु त्याच काळात जिमी स्वॅगर्ट यांच्यासारख्या प्रवचनकारांनी या प्रकारावर कठोर टीका केली. पवित्र वस्तू अपात्रांपुढे टाकली जात आहे, असा त्या टीकेचा रोख होता.

१९९० मध्ये 'अगेन्स्ट द लॉ' या संग्रहात वाद्यवृंदाने पट्ट्यांचा पोशाख सोडला आणि थेट धार्मिक शब्दही टाळले. आता नाराज झाले ते स्वतःचे चाहते. संगीत अधिक कसदार झाले, असे म्हणणारे श्रोते होते, तसेच वाद्यवृंदाने आपली साक्ष सोडली, असे मानणारेही होते. पहिला आक्षेप ध्वनी ऐहिक असल्याचा होता, दुसरा शब्द ऐहिक झाल्याचा.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गॉड डॅम ईव्हिल' या संग्रहाने हे दोन्ही वाद पुन्हा जागे केले. शीर्षकातील शब्द सलग वाचले तर ते शिवीसारखे ऐकू येतात; पहिल्या शब्दापाशी थांबून वाचले तर 'देवा, दुष्टाईला दंड दे' अशी प्रार्थना होते. आपल्याला प्रार्थनेचाच अर्थ अभिप्रेत असल्याचे प्रमुख गायक मायकेल स्वीट यांनी स्पष्ट केले. तरीही वॉलमार्ट या मोठ्या विक्रेत्याने तो संग्रह ठेवण्यास नकार दिला. त्यातील 'टेक इट टू द क्रॉस' या गीतात घशातून काढलेल्या गुरगुरत्या आवाजाचा वापर आहे, आणि त्यावरून चाहत्यांत स्पष्ट दुफळी दिसली. 'हा आवाज ख्रिस्ती नव्हे' हा आक्षेप समीक्षेच्या दृष्टीने दुबळा आहे, कारण कोणत्याही ध्वनीला स्वतःचा धर्म नसतो. 'हा आवाज गीताच्या बांधणीतून उगवत नाही, वरून चिकटवल्यासारखा वाटतो' हा आक्षेप मात्र गंभीर आहे. तो बरोबर की चूक, हे गीत ऐकून ठरवता येते. पहिला आक्षेप तसा पडताळता येत नाही.

मराठीतील उलट चित्र :

मराठी ख्रिस्ती परंपरेत हाच वाद उलट दिशेने उभा राहिला. अमेरिकेतील भाविकाला बाहेरचे, जगाचे संगीत प्रार्थनेत येईल अशी भीती होती. मराठी नवख्रिस्ती माणसापुढे प्रश्न होता तो घरच्याच संगीताचा. ज्या ओवी-अभंगांत तो वाढला, त्यांच्याशी मागे सोडलेल्या देवळाची आठवण जडलेली होती.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले, तेव्हा गोव्यात जुन्या पुराणांना बंदी झाली होती. त्यांच्या जागी दुसरे काही मिळावे, अशी श्रोत्याची मागणी त्या ग्रंथातच नोंदलेली आहे. म्हणजे येथे श्रोत्याची प्रतिक्रिया ग्रंथाच्या आधी आली आणि ग्रंथ तिचे उत्तर म्हणून जन्मला. स्टीफन्स यांनी ओवी स्वीकारली ती या श्रोत्याचा कान ओळखून.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर परिसरात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाला आकार दिला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग आणि भजन हे प्रकार ख्रिस्ती उपासनेत स्थिर केले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, ही टिळकांची भूमिका प्रसिद्धच आहे. त्यांचे अपूर्ण 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

टिळकांचे यश केवळ स्वदेशी भावनेचे नव्हते. इंग्रजी स्तोत्राची चाल आघातावर चालते, तर मराठी पद्याचा तोल लघु-गुरूंवर आणि यतीवर असतो. इंग्रजी चालीत बसवलेल्या मराठी भाषांतरात लघु अक्षर ताणले जाते, नको त्या जागी शब्द तुटतो आणि गाणाऱ्याला अर्थ सोडून चालीमागे धावावे लागते. अभंगात ही ओढाताण होत नाही. म्हणून टिळकांच्या रचनांच्या बाजूने दिलेला कौल रचनेच्या कसोटीवरही टिकतो.

वाशिमचा संदर्भ :

हा प्रश्न वाशिम जिल्ह्याला परका नाही. वाशिम येथे नाझरीन मंडळीचे कार्य विसाव्या शतकात रुजले. रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल ही त्याची ठळक खूण होय. या मंडळ्यांच्या भोवतीचे ध्वनिविश्व बहुविध आहे. कारंजा हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. पोहरादेवी हे सेवालाल महाराजांचे आणि बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. गावोगावी हरिपाठ आणि भीमगीतेही ऐकू येतात. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या परंपरेतील भीमगीतांनी लोकगीतांच्या परिचित चालींत नवा विचार भरला. जुन्या चालीला नवा आशय पेलतो, याचा हा जवळचा पुरावा आहे.

अशा परिसरात लहान मंडळीतील एखाद्या तरुणाने गिटार आणि ढोल घेऊन मराठी प्रार्थनागीत रचले, तर त्याच्या वाट्याला दोन सोपी उत्तरे येण्याचा संभव असतो. 'हे आपले नव्हे' असे वडीलधाऱ्यांचे उत्तर. आणि 'संदेश चांगला, म्हणून गीत चांगले' असे कौतुक करणाऱ्यांचे उत्तर. पहिल्याने गायक दुरावतो, दुसऱ्याने तो कच्चा राहतो. जेथे गाणारेच मोजके आहेत, तेथे या दोन्हींची किंमत मोठी असते. जे आज परंपरा म्हणून गायिले जाते, तेही एके काळी नवेच होते, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावयास हवे.

निष्कर्ष :

भक्तिगीताच्या नव्या रूपावरील प्रतिक्रियांचे तीन स्तर दिसतात. पहिला साहचर्याचा : ध्वनीबरोबर येणाऱ्या जुन्या आठवणींचा. दुसरा स्वामित्वाचा : गीत कोणाचे आणि कशासाठी, हे ठरविण्याच्या अधिकाराचा. तिसरा रचनेचा : शब्द, चाल आणि नाद एकमेकांना पेलतात की नाही याचा. पहिले दोन स्तर समाजाच्या अभ्यासकाने सहानुभूतीने समजून घ्यावेत, कारण त्यांत खऱ्या वेदना असतात. परंतु पिढी बदलली की साहचर्यही बदलते. टिळकांच्या भजनातील टाळ आज मराठी ख्रिस्ती श्रोत्याला परधर्माची आठवण देत नाही, स्वतःच्या आजोबांची देतो. तिसरा स्तर मात्र टिकून राहतो, आणि कलावंताला घडविणारी प्रतिक्रिया तीच होय. स्ट्रायपरच्या चाहत्यांच्या वादातून आणि टिळकांच्या यशातून निघणारा बोध एकच आहे : नव्या गीताला प्रथम पूर्ण ऐकावे, आणि मग ते कोठे तुटते हे नेमके सांगावे.