केपलरच्या आईवरचा खटला : एका कादंबरीच्या निमित्ताने

ग्रहगतीचे नियम शिकवताना आपण योहानेस केपलरचे नाव घेतो. त्याचा तिसरा नियम १६१९ साली प्रसिद्ध झाला. त्या काळात त्याच्या सत्तरी ओलांडलेल्या आईवर, काथारिनावर, चेटकीण असल्याचा आरोप होता, हे मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही. अमेरिकन लेखिका रिव्का गॅल्चेन यांची 'एव्हरीवन नोज युअर मदर इज अ विच' ही इंग्रजी कादंबरी (२०२१) याच खटल्यावर बेतलेली आहे.

घटना खऱ्या आहेत. जर्मनीतील लिओनबर्ग गावी १६१५ साली एका काच-कारागिराच्या बायकोने तक्रार केली, की काथारिनाने दिलेल्या पेयामुळे आपण आजारी पडलो. मग ज्याला त्याला जुनी दुखणी आठवू लागली. १६२० मध्ये म्हातारीला अटक झाली. चौदा महिने ती साखळदंडात होती.

काथारिनाला लिहिता येत नाही. ती शेजारच्या सायमनला आपली हकिकत सांगते आणि तो लिहून घेतो. मधूनमधून साक्षीदारांच्या जबान्या येतात. कादंबरीचे खरे बळ या जबान्यांत आहे. साक्षीदार खलपुरुष नाहीत. कोणाचे जनावर दगावले आहे, कोणाचा पाय अधू झाला आहे. दुःख खरे, कारण मात्र ऐकीव. पुढे भल्या सायमनचेही धैर्य कमी पडते. आरोपाची झळ घरच्यांना आणि शेजाऱ्यांना कशी लागते, हे लेखिकेने नेमके टिपले आहे.

एक उणीव आम्हाला जाणवली. काथारिनाची जीभ इतकी खुसखुशीत चालते, की कोठडीतील भीती कधीकधी हसण्यात विरून जाते. शिवाय केपलर बराच वेळ पडद्याआड राहतो. वास्तविक त्याने तयार केलेला बचाव विज्ञानशिक्षकाने मुद्दाम पाहावा असा आहे. एका शाळामास्तराचे म्हणणे होते, की काथारिनाच्या पेयाने आपण लंगडे झालो. केपलरने दाखवले, की ओझे घेऊन चर ओलांडताना त्यांना इजा झाली होती. एका मुलीचा हात दुखत होता, तर ती विटा वाहत असे. असे एकेका आरोपाचे साधे कारण त्याने शोधले. छळाची हत्यारे दाखवूनही काथारिनाने कबुली दिली नाही. १६२१ मध्ये ती सुटली आणि पुढच्याच वर्षी वारली.

पण 'विज्ञानाने अंधश्रद्धेवर मात केली' असा धडा यातून काढण्याची घाई करू नये. चेटूक नसतेच, असे केपलरने कोठेही म्हटले नाही. आपल्या आईविरुद्धचा पुरावा टिकत नाही, एवढेच त्याने सिद्ध केले. आम्हाला हेच अधिक मोलाचे वाटते. समोरच्याची सगळी श्रद्धा बदलेपर्यंत थांबावे लागले असते, तर म्हातारी जिवंत सुटली नसती.

आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पाड्यांवर बाईला 'डाकीण' ठरवण्याची प्रथा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि असा आरोप करून एखाद्याला छळणे हा गुन्हा ठरला. 'हे दूर सातपुड्यातले' असे मात्र आम्ही हिवरा आश्रमात बसून म्हणू शकत नाही. 'करणी' आणि 'मूठ मारणे' हे शब्द मेहकर तालुक्यातील मुलांनाही नवे नाहीत.

तेव्हा शिक्षकांनी एक करावे. शाळामास्तराची तक्रार फळ्यावर लिहावी आणि दोन रकाने आखावेत : त्यांना प्रत्यक्ष काय झाले, आणि त्यांनी काय मानले. मुलांना रकाने भरू द्यावेत. मग एकच प्रश्न विचारावा : पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी आणखी काय माहीत असायला हवे होते? उत्तराची घाई करू नये. मुले गावातील उदाहरणे सांगू लागली, तर कोणाचेही नाव न घेता तीही त्याच दोन रकान्यांत मांडावीत.