वेताळ, चकवा आणि ट्रोल

राजशेखरानें ‘काव्यमीमांसे’मध्यें काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह ज्या वत्सगुल्म नगरींत लाविला, ती नगरी म्हणजेच आजचें वाशिम. त्याच वाशिमांत आमच्या एका विद्यार्थिनीनें आपला पहिला लेख समाजमाध्यमावर प्रसिद्ध केला. परंतु अनामिक टोळीनें त्यावर इतकी शिवीगाळ केली, कीं आठ दिवसांत तिनें लेखणी खालीं ठेविली. आम्ही तिला सांगितलें, “उत्तर देऊं नकोस.”

अशा टोळ्यांस वृत्तपत्रें ‘ट्रोल’ म्हणतात. नॉर्वेच्या लोककथेंतील ट्रोल पुलाखालीं दडून वरून जाणाऱ्या बोकडांस अडवितो. तेव्हां रूपक वाईट नाहीं. आमच्या मतें मात्र या मंडळींचा खरा भाऊबंद आपला चकवा होय. वाटसरूस रात्रभर एकाच शिवारांत फिरविण्यापलीकडे त्याला कांहीं साधावयाचें नसतें.

वेताळाची जात निराळी. ‘कथासरित्सागरां’त आलेल्या आणि सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८३० सालीं मराठींत आणिलेल्या वेताळकथांत तो राजाला न्यायाचे प्रश्न विचारतो. राजा बोलला कीं वेताळ झाडावर परततो, हें खरें. परंतु उत्तर ठाऊक असून जो मौन धरील त्याचें मस्तक फुटेल, ही अटही तेथेंच आहे.

चकव्याशीं वाद घालूं नये, हा उपदेश योग्यच होता. पण सारें वाचीत असूनही “लेख चांगला आहे” हे तीन शब्द आम्हीं तेथें लिहिले नाहींत. तिला चकवा लागला होता. वेताळाची अट मात्र आम्हां वाचकांवर होती, आणि ती आम्हीं मोडली.