वीण आणि माती

गेल्या दिवाळीच्या आधी मी कारंजा (घाडगे) येथे गेलो होतो. नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या या गावी एका बुरुडाकडून टोपली घेतली आणि सवयीने घासाघीस करून चार रुपये कमी केले. घरी आल्यावर मन खाऊ लागले. हीच टोपली एखाद्या प्रदर्शनात मांडलेली असती, तर मी तिच्यापुढे हात जोडून उभा राहिलो असतो!

कला कोठे सुरू होते, हा प्रश्न मनात घेऊनच मी पुढे सेवाग्रामला गेलो. तेथील बापू कुटीच्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीचा उठाव देऊन ताडासारखी झाडे आणि चरखा घडवला आहे. या बाईंचे मूळ नाव मॅडेलिन स्लेड. १८९२ साली इंग्लंडात एका नौदल अधिकाऱ्याच्या घरी जन्म, बीथोव्हेनच्या संगीताचे वेड, रोमाँ रोलाँ यांच्यामुळे गांधीजींची ओळख, आणि १९२५ साली साबरमती. पियानोवर वाढलेले हात पुढे सूत कातू लागले आणि १९३६ नंतर सेवाग्रामच्या मातीत रमले. आज आपण जिला बापू कुटी म्हणतो, ती मुळात त्यांचीच झोपडी.

शिल्प म्हणून तोलले तर हे काम साधेच आहे. रेषा बाळबोध, उठाव बेताचा. तरीही नजर तेथून हलत नाही. का? कुटी बांबू, लाकूड आणि माती यांची. चित्रही त्याच मातीचे. भिंतीवर ते टांगलेले नाही, भिंतच तेथे जराशी फुलून आली आहे.

आपली जुनी कणगी आठवा. आधी बांबूच्या कामट्यांची वीण, मग शेणमातीचे लिंपण. विणीच्या फटींत शिरूनच माती धरून बसते. बंगालच्या दुर्गामूर्तीच्या पोटातही बांबू आणि पेंढाच असतो. मूर्तिकाराच्या मातीला आतून कुणीतरी धरावे लागते, आणि ते धरणारे काम नेहमी झाकलेले राहते. बुरूड हा असा झाकलेला कलावंत आहे.

मात्र एक भेद विसरून चालणार नाही. मीराबेन यांनी साधेपणा निवडला होता. कारंज्याच्या बुरुडाच्या तो वाट्याला आला आहे. पहिल्याचे कौतुक करताना दुसऱ्याची गरिबी गोंडस ठरवणे हा रसिकतेचा अपराध होय. हाताची थोरवी मान्य असेल, तर ती मोलातही दिसली पाहिजे.

यंदा टोपली घेताना मी घासाघीस करणार नाही. ती लाह्या-बत्तासे भरून लक्ष्मीपुढे ठेवीन, शेजारी कुंभाराची पणती लावीन. वीण आणि माती, दोन्ही एका उजेडात दिसतील. वाचकहो, तुम्हीही पाहा.