गोठलेल्या पाण्यावरची जत्रा

नाताळच्या सुट्टीत मी एक वही आणि दोन पेन्सिली घेऊन बाहेर पडतो. यंदा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो होतो. समोर चणेवाला. पाटी, तिच्याखालची तिवई, कानाला गुंडाळलेला मफलर एवढं जमलं आणि गिऱ्हाईक आलं. तो वळला, पुडी बांधायला लागला आणि माझा चणेवाला एका हातावाचून राहिला. थोड्या वेळानं त्यानंच मान वाकवून वहीत पाहिलं. म्हणाला, “साहेब, हात कुठाय माझा? हातावरच तर पोट आहे.”

रस्त्यावर बसून रेखाटणाऱ्याची अडचण हीच. माणसं थांबत नाहीत. व्हीटी स्टेशनवर स्केचिंगला जाणाऱ्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या पोरांना विचारा. सामानावर डोकं ठेवून झोपलेला उतारू सापडला की त्यांना देव भेटल्यासारखं होतं. बाकी सगळं अर्ध्यावर सुटतं. त्या रात्री ती हात नसलेली आकृती बघताना मला डच चित्रकार हेंड्रिक आव्हरकाम्प आठवला आणि मी त्याचं चित्र पुन्हा उघडून बसलो.

चित्र साधारण १६०८ सालचं. ओकच्या फळीवर तैलरंग, उंची सुमारे ७७ सेंटिमीटर, रुंदी १३२. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये ते आहे. विषय म्हणाल तर एका ओळीत संपतो: पाणी गोठलंय आणि अख्खं गाव त्यावर उतरलंय. १६०७-०८चा हिवाळा युरोपात फार कडक होता. ज्या पाण्यावरून होड्या चालायच्या ते दगड झालं. होड्या जिथल्या तिथे अडकल्या. आणि जिथे एरवी पाऊल टाकता येत नाही, तिथे फुकटचं मैदान तयार झालं. निसर्गानं काम बंद पाडून दिलेली ही सुट्टी.

पहिल्या नजरेला फक्त ठिपके दिसतात. काळे, तांबडे, तपकिरी. पांढऱ्यावर मोहरी सांडावी तसे. मग नजर खाली उतरते आणि ठिपक्यांना पाय फुटतात. हातात हात घालून स्केटिंग करणारी, झालरीच्या कॉलरची बडी मंडळी. बाजूला कुणी धडपडून आडवं झालेलं. घसरगाडी ओढणारं कुणी, नुसतं उभं राहून गप्पा हाणणारं कुणी. बघता बघता आपण चित्रात हरवतो, जत्रेत पोर हरवावं तसे. कारण कुठे बघायचं हे चित्र सांगतच नाही. मधोमध कुणी राजा नाही, संत नाही, प्रसंग नाही. जिथे बोट ठेवाल तिथून सुरुवात.

ही किमया साधली कशी, याचं उत्तर त्याच्या रेखाटनांत आहे. आव्हरकाम्प हिंडून माणसं टिपायचा. पेन, खडू, जलरंगाचा हलका हात. अशी त्याची पुष्कळ रेखाटनं आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात, विंडसरला आहेत. त्यातल्या आकृती मग तो घरात बसून चित्रांत पेरायचा. तीच माणसं त्याच्या वेगवेगळ्या चित्रांत पुन्हा भेटतात. म्हणजे ही गर्दी त्या दिवशी त्या बर्फावर अशी जमलेलीच नव्हती. एकेकट्या टिपलेल्या माणसांची ती गर्दी आहे. म्हणूनच तिच्यातल्या प्रत्येकाला स्वतःची चाल आहे, स्वतःचा तोल आहे, आणि कित्येकांची पाठ आपल्याकडे आहे. पाठमोरं माणूस रेखाटणाऱ्याला सोयीचं. ते ओशाळत नाही, पोझ देत नाही.

इथे मला कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंती आठवतात. तिथली व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची गर्दीही अशीच खच्चून भरलेली. पण मारिओंचं प्रत्येक पात्र आपल्याला काहीतरी करून दाखवतं. नाक उडवतं, डोळे मोठे करतं, हसवून सोडतं. आव्हरकाम्पच्या माणसांना आपण बघतोय याचा पत्ताच नाही. मारिओंकडे आपण प्रेक्षक असतो, इथे गच्चीवरून वाकून बघणारे शेजारी. क्षितिज त्यानं मुद्दाम उंच घेतलंय. त्यामुळे कुणी कुणाला झाकत नाही आणि मागची माणसंही पुढच्यांइतकीच मोकळी दिसतात.

गच्चीवरून बघणाऱ्याला नको तेही दिसतं. बारीक शोधलंत तर उघडे कुल्ले सापडतील, लघवीला उभा राहिलेला गडी सापडेल, प्रेमात गुंतलेलं जोडपंही. नवखा चित्रकार हे खोडतो किंवा हशा वसूल करायला पुढे आणतो. आव्हरकाम्प दोन्ही करत नाही. झालरवाल्या सरदाराला जेवढी जागा, जेवढा रंग, तेवढाच या गड्याला. मला या चित्रातलं सर्वांत देखणं काय वाटत असेल तर हे समान माप.

हेच माप तो दुःखालाही लावतो. खाली डाव्या कोपऱ्यात मेलेलं जनावर पडलंय आणि कुत्रं त्याचे लचके तोडतंय. जवळच पक्ष्यांचा सापळा: काठीच्या टेकूवर कललेलं दार, खाली दाणे. हा सापळा ब्रूगेल या चित्रकाराच्या १५६५च्या हिवाळी चित्रातून आलेला, जाणकार लगेच ओळखतात. पण उसना असला तरी इथे तो चपखल बसतो. दाण्याला भुलून दाराखाली शिरलेल्या पक्ष्याचा जीव एका काठीवर. हसत खिदळत फिरणाऱ्या या माणसांचा, पायाखालच्या वीतभर बर्फावर. आव्हरकाम्प हे बोट दाखवून सांगत नाही. कोपऱ्यात ठेवतो आणि पुढे जातो.

सुट्टी सगळ्यांना नसते हेही त्याच्या नजरेतून सुटत नाही. डावीकडची मोठी इमारत म्हणजे दारूभट्टी. तिच्यावर अँटवर्प शहराचं चिन्ह. बिअरला पाणी हवं, म्हणून बर्फाला भोक पाडून उपसा चालू आहे. गाव घसरतंय, पाणक्याचं काम थांबलेलं नाही. माझा चणेवाला इथे सहज उभा राहिला असता.

आणि मग हवा. पुढची माणसं गडद, ठसठशीत. मागे जावं तसे रंग विरत जातात, घरं राखाडी, माणसं नुसत्या रेघा. शेवटी बर्फ कुठे संपला आणि आभाळ कुठे सुरू झालं, सांगता येत नाही. थंडीतल्या सकाळी मुळा-मुठेच्या पुलावरून पलीकडचा काठ असाच पुसट दिसतो. थंडी रंगवायची तर बर्फ रंगवावा असं वाटतं. आव्हरकाम्पनं धुकं रंगवलं आणि अंगावर काटा आणला.

त्याच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगतात. तो मुका होता. १५८५ साली ॲम्स्टरडॅमला जन्मला, कांपेन गावात वाढला, आणि तिथे ‘मुका’ हीच त्याची ओळख. १६३३च्या मृत्युपत्रात आईनं या मुलाच्या पोटापाण्याची तजवीज करण्याचा आग्रह धरलाय. पुढच्याच वर्षी तो गेला. वाचा नव्हती म्हणून नजर तेज झाली, असं म्हणण्याचा मोह होतो. पण मग ढिगानं काढलेल्या त्या रेखाटनांचं श्रेय दैवाला जाईल. मला ते पटत नाही. ती नजर बोटं गारठेपर्यंत कमावलेली आहे.

सही मात्र बघाच. उजवीकडे एक लाकडी खोपटं आहे. त्याच्या फळ्यांवर त्यानं आपलं नाव असं लिहिलंय, जणू कुणी टारगट पोरानं जाता जाता खरडलं. सिंहगडावर बदाम काढून नावं कोरणाऱ्यांना आपण शिव्या घालतो. हा मात्र स्वतःच्याच गर्दीत शिरून तेच करतो. कुल्ले उघडे टाकणाऱ्याच्या आणि सरदाराच्या रांगेत स्वतःलाही उभं करतो. तेच माप.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कट्ट्यावर गेलो. चणेवाला होता. या वेळी हातापासून सुरुवात केली.