मेरिट : कमाई की पुण्याई?

प्राध्यापक-कक्षात एका सहकाऱ्यांनी मला सहज विचारले, "सर, तुम्ही मेरिटवर लागलात की कोट्यातून?" त्यांच्या मनात द्वेष नव्हता, म्हणूनच प्रश्न अधिक बोचला. त्या एका 'की'ने माझी एम. ए.ची पदवी आणि सेट परीक्षा पुसून टाकली. तेव्हापासून हा शब्द मी तपासतो आहे.

'मेरिट' हा शब्द लॅटिनमधून इंग्रजीत आला. मूळ अर्थ, जे कमावले ते. मराठीत त्याला तीन पर्याय आहेत. 'पात्रता' नोकरीच्या जाहिरातीत छापलेली असते, ती अटींपुरती. 'गुणवत्ता' मार्कांच्या बेरजेवर येऊन थांबली. दहावी-बारावीची गुणवत्ता यादी बंद झाली, पण तिने घडविलेली नजर बंद झाली नाही. तिसरा पर्याय 'लायकी'. "तुझी लायकी काय?" हा प्रश्न आपल्याकडे वरून खालीच विचारला जातो. 'मेरिट' असा सुसंस्कृत उच्चार करणाऱ्यांच्या मनात पुष्कळदा हाच शब्द दबा धरून असतो.

आणखी एक पर्याय आपण विसरतो. पाली 'पुञ्ञ', म्हणजे पुण्य, याचे इंग्रजी भाषांतर 'मेरिट' असेच करतात. पुण्य ज्याचे त्याने कृतीने मिळवायचे. मराठी समाज मात्र 'वाडवडिलांची पुण्याई' म्हणतो. कमाई एकाची, उपभोग दुसऱ्याचा! घरातली तीन पिढ्यांची पुस्तके, शिकवणीचे पैसे, अभ्यासाची स्वतंत्र खोली ही सारी पुण्याईच. तिला मेरिट म्हटले की वारसा कमाई म्हणून खपतो.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी १९५८ साली 'द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी' हे पुस्तक उपहास म्हणून लिहिले. जगाने 'मेरिटॉक्रसी' हा शब्द गौरवाचा करून टाकला. वैद्यकीय प्रवेशातील आरक्षणासंबंधी २०२२ साली निकाल देताना आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले, की खुल्या स्पर्धा परीक्षेतील कामगिरीपुरती गुणवत्ता संकुचित करता येणार नाही.

प्रस्थापित समीक्षेने दलित आत्मकथनांच्या वाङ्मयीन गुणवत्तेविषयी शंका घेतली, तेव्हाही मोजपट्टी स्वतःच्या वाड्यातलीच होती.

माझी आई दुसऱ्याच्या शेतात खुरपत असे आणि त्या मजुरीतून माझी फी भरली जाई. शब्दाच्या मूळ अर्थाने मेरिट ते हेच. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो : कोणी मेरिट विचारले तर मान खाली घालू नका. त्यालाच विचारा, यातले तुझ्या कमाईचे किती आणि पुण्याईचे किती?