कुमारांची अद्‌भुतकथा आणि कार्यकारणभाव

कुमारांच्या अद्‌भुत व रहस्यप्रधान कथांना केवळ करमणूक मानण्याची रूढी आहे. परंतु या कथांची खरी कसोटी चमत्कार ही नसून कार्यकारणभाव ही होय. भिलाईत, जेथे १९५९ मध्ये पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, तेथील मराठी कुमाराला घरची मराठी व भोवतालची हिंदी अशा दोन्ही परंपरा लाभतात. देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता'तील (१८८८) तिलिस्म मानवनिर्मित आहे. ते मंत्राने नव्हे, युक्तीने उलगडते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे निरीक्षण व चपळाई यांच्या बळावर रहस्य उकलतो. एकीकडे कल्पित राज्ये, दुसरीकडे फुरसुंगी-पुण्याचा परिचित परिसर. नियम मात्र एकच. अग्नी आणि यंत्र यांच्या शेजारी वाढणाऱ्या वाचकाला तो सहज पटावा. उणीव आहे ती वेगळीच. फेण्याच्या यशाची खात्री आधीच असल्याने वाचकाचे कुतूहल जागते, भय जागत नाही. नायक हरू शकेल ही शक्यता जेथे खरी वाटते, तेथेच रहस्यकथा साहित्यपदास पोहोचते. कुमारांना ती शक्यता पेलणार नाही, असे मानणे हा त्यांच्या बुद्धीचा अनादर होय.