एका अशुद्ध अर्जाचे रसग्रहण

"रिस्पेक्टेड सर, मायसेल्फ अमुक तमुक. आय ॲम लिव्हिंग इन कळमेश्वर सिन्स फाइव्ह इयर्स. ऑलदो आय ॲम फ्रेशर, बट आय विल डू एनी वर्क. आय वॉन्ट टु डिस्कस अबाउट सॅलरी. प्लीज डोन्ट लूज माय ॲप्लिकेशन."

हा अर्ज कुणा एकाचा नाही. नागपूरच्या वायव्येला, इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेल्या कळमेश्वरला एमआयडीसी आहे. तिथे काय किंवा महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत काय, नोकरीसाठी जे इंग्रजी कागद सरकवले जातात त्यांचा हा अर्क आहे आणि तो मीच काढलेला आहे. इंग्रजीच्या मास्तरांच्या हाती तो पडला, तर लाल शाईच्या सहा-सात रेघा ओढून ते मोकळे होतील. आपल्याला मात्र घाई नाही. कवितेची ओळ जशी आपण शब्दाशब्दापाशी रेंगाळत वाचतो, तसाच हा अर्ज वाचू; कारण तो लिहिणारा नियम मोडतच नाही, तो नियम अगदी निष्ठेने पाळतो, फक्त मराठीचा.

पहिल्याच 'मायसेल्फ'पाशी थांबू. इंग्रजाच्या लेखी हा शब्द आरशासारखा आहे: समोर आधी 'आय' उभा असल्याशिवाय त्यात कुणाची छबी उमटायची नाही. म्हणून 'आय हर्ट मायसेल्फ' चालते, 'मायसेल्फ अमुक तमुक' चालत नाही. तिथे साधे 'आय ॲम' किंवा 'माय नेम इज' हवे. पण आपल्या मराठीत आत्मवाचक सर्वनामाला इतकी परावलंबी वागणूक कधी मिळालीच नाही. आपला 'आपण' हा शब्दच पाहा. संस्कृत 'आत्मन्'च्या कुळातला, प्राकृताच्या वाटेने घरंगळत आलेला हा शब्द 'तो आपण होऊन आला' या वाक्यात 'स्वतः' असतो, 'आपण कोण?' असे विचारताना समोरच्याचा मान होतो, आणि 'चला, आपण जाऊ' म्हणताच बोलणारा आणि ऐकणारा अशा दोघांना एकाच पांघरुणात घेतो. ज्या भाषेत 'स्वतः' या अर्थाचा शब्द असा वाक्याच्या अग्रभागी ऐटीत बसतो, त्या भाषेतल्या मुलाने इंग्रजीत शिरताना 'मायसेल्फ'लाच पुढे धाडले, तर त्यात नवल ते काय?

आता दुसरे वाक्य. या अर्जातले हे सर्वांत श्रीमंत वाक्य आहे, तेव्हा त्याला वेळही तसाच द्यायला हवा.

'आय ॲम लिव्हिंग' या शब्दांत मला कळमेश्वरचा कान ऐकू येतो. पुणेरी मराठी 'राहतो' किंवा 'राहत आहे' एवढ्यावर भागवते. नागपूरकडच्या बोलीत मात्र चालू क्रियेचा थाट निराळाच. 'काय करून राहिला बे?' 'जेवून राहिलो.' 'पाऊस येऊन राहिला.' हिंदीच्या 'रहा है'च्या शेजाराने रुजलेली ही रचना पश्चिम महाराष्ट्रातल्या कानांना गमतीची वाटते, पण जरा निरखून पाहिले की तिचे लावण्य ध्यानात येते: इथे क्रिया नुसती घडत नाही, ती तिथे 'राहते', मुक्काम करते. आणि हा मुक्काम केवळ हातापायांच्या क्रियांचा नसतो, मनाच्या अवस्थांचाही असतो. 'मले समजून राहिलं' हे वाक्य तिकडे अगदी सहज बोलले जाते. त्याचेच इंग्रजी वस्त्रांतर म्हणजे 'आय ॲम अंडरस्टँडिंग'. इंग्रजी मात्र इथे कृती आणि स्थिती यांच्यात रेघ ओढते. खाणे, धावणे, लिहिणे या कृती. त्यांना 'इंग' शोभते. जाणणे, समजणे, हवे असणे, मालकीचे असणे या स्थिती. त्यांना ते सहसा मानवत नाही, म्हणून 'आय नो', 'आय अंडरस्टँड', 'आय हॅव टू सिस्टर्स'. आपल्या अर्जातला 'लिव्हिंग' तसा निर्दोष आहे. राहणे ही काही काळ चालणारी कृती म्हणून इंग्रजीला मान्य आहे. दोष आहे तो त्याच्या आधीच्या 'ॲम'मध्ये, आणि त्या 'ॲम'चे गुपित पुढच्या 'सिन्स'मध्ये दडलेले आहे.

हे 'सिन्स' म्हणजे आपले 'पासून'. काय औदार्य आहे या शब्दाचे! 'सोमवारपासून' म्हणा, 'तीन दिवसांपासून' म्हणा. काळाचा एक बिंदू असो की काळाचा सबंध पट्टा, 'पासून' दोहोंना सारख्याच मायेने चिकटते. इंग्रजीत या दोन वस्तूंना दोन शब्द आहेत. बिंदूला 'सिन्स': सिन्स मंडे, सिन्स २०१९. पट्ट्याला 'फॉर': फॉर थ्री डेज, फॉर फाइव्ह इयर्स. घड्याळ किंवा कॅलेंडर यांवर बोट ठेवून दाखवता येत असेल तर 'सिन्स', मोजून सांगावे लागत असेल तर 'फॉर', एवढे ध्यानात ठेवले की ही जोडी सहसा फसवत नाही. आणि क्रियापद? आपण म्हणतो, 'मी पाच वर्षांपासून कळमेश्वरला राहतो.' वर्तमानकाळ! कारण मी आजही तिथेच राहतो ना? किती सरळ तर्क आहे हा. इंग्रजी मात्र त्याच क्षणी मान वळवून गेलेल्या पाच वर्षांकडे पाहते आणि 'हॅव बीन लिव्हिंग' म्हणते. भूत आणि वर्तमान यांचा सांधा तिला क्रियापदातच बसवायचा असतो.

इथे अर्जदाराची बाजू घ्यायचा मोह मला आवरत नाही. फ्रेंचांचा 'दप्वी' आणि जर्मनांचा 'झाइट' हे शब्द आपल्या 'पासून'सारखेच बिंदू आणि पट्टा दोन्ही सांभाळतात, आणि त्यांच्यामागून येणारे क्रियापदही, गोष्ट अजून चालू असेल तर, वर्तमानकाळीच असते. म्हणजे कळमेश्वरचा अर्जदार, पॅरिसचा फ्रेंच आणि बर्लिनचा जर्मन हे तिघे या एका बाबतीत एका बाकावर बसले आहेत, आणि वेगळी चूल मांडली आहे ती इंग्रजीने! तरीही अर्ज इंग्रजीत करायचा असेल, तर नियम त्या चुलीचेच पाळावे लागतात: 'आय हॅव बीन लिव्हिंग इन कळमेश्वर फॉर फाइव्ह इयर्स.'

'ऑलदो'चे वाक्य वाचताना मला त्यातले मराठी जोडपे स्पष्ट दिसते. 'जरी मी नवखा आहे, तरी कोणतेही काम करीन.' आपल्या भाषेला ही युगुले फार प्रिय: जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जो-तो. एकाने हाक द्यावी आणि दुसऱ्याने ओ द्यावी, अशी ही वाक्यरचना संस्कृतातल्या 'यद्यपि-तथापि'पासून आपल्या कानात घुमते आहे. 'जरी' उच्चारल्यावर 'तरी' आले नाही, तर मराठी मनाला जिन्याची शेवटची पायरी हुकल्यासारखे होते, आणि ती पोकळी भरायला बिचारे 'बट' धावते. इंग्रजीत 'ऑलदो' एकटेच सबंध वाक्याचा भार वाहते. 'बट' वापरायचे असेल, तर 'ऑलदो'ला रजा द्यावी लागते. अगदीच 'तरी'वाचून चैन पडत नसेल, तर 'ऑलदो'नंतर 'येट' आणायला इंग्रजीची हरकत नसते, फक्त ते थोडे जुन्या वळणाचे वाटते.

त्याच वाक्यात 'फ्रेशर'च्या आधी एक इवलासा 'अ' हवा होता, तो नाही. मराठीत 'अ' नाही, 'द' नाही. मग अनोळखी वस्तू आणि ओळखीची वस्तू यांतला भेद आपण दाखवतो तरी कसा? दाखवतो, आणि तोही एकही अधिक अक्षर न वापरता. कळमेश्वरच्या स्थानकावर उभे राहून दोन वाक्ये म्हणून पाहा. 'फलाटावर गाडी उभी आहे.' 'गाडी फलाटावर उभी आहे.' पहिल्या वाक्यातली गाडी कुठलीही, नुसतीच दिसलेली. दुसऱ्या वाक्यातली गाडी मात्र तुमची-माझी, जिची आपण वाट पाहत होतो तीच. शब्द तेच, फक्त जागा बदलल्या, आणि गाडीशी आपली ओळख झाली! इंग्रजीला इथे 'अ ट्रेन' आणि 'द ट्रेन' असे दोन पहारेकरी ठेवावे लागतात. इंग्रजी लिहिताना 'अ' की 'द' अशी शंका आली, की नामापाशी न अडखळता ही दोन मराठी वाक्ये मनात म्हणावीत. नाम क्रियापदाला खेटून बसले तर बहुधा 'अ', वाक्याच्या तोंडाशी आले तर बहुधा 'द'. सर्वत्र लागू पडेल असा हा नियम नव्हे, पण आपल्या कानाला आधीच ठाऊक असलेली ही खूण आहे आणि ती बऱ्याचदा खरी ठरते.

'डिस्कस अबाउट' लवकर आटोपू. 'पगाराविषयी चर्चा' यातला 'विषयी' तिथे 'अबाउट' होऊन उतरला आहे, जसा 'तिचे लग्न त्याच्याशी झाले' यातला 'शी' पुढे 'मॅरीड विथ हिम' होऊन उतरतो. 'डिस्कस' आणि 'मॅरी' ही दोन्ही क्रियापदे आपले कर्म थेट हाताने उचलतात, मध्ये मध्यस्थ लागत नाही: 'डिस्कस सॅलरी', 'मॅरीड हिम'.

शेवटचे 'लूज' मात्र चाखत चाखत घ्यावे असे आहे. 'हरवणे' या अर्थाच्या शब्दाला इंग्रजीत एकच 'ओ', 'सैल' या अर्थाच्या शब्दाला दोन. आणि अर्जदाराने हमखास दोन लिहिलेले असतात, म्हणजे साहेबांना त्याने अर्ज सैल न करण्याची विनंती केलेली असते. पण हा घोटाळा डोळ्यांचा नाही, कानाचा आहे. इंग्रज माणूस 'सैल'ला 'लूस' म्हणतो आणि 'हरवणे'ला 'लूझ'. आपण 'पँट लूज झाली' म्हणतो तेव्हा 'सैल'चाच उच्चार 'हरवणे'च्या अंगणात नेऊन ठेवतो. मग लिहिताना हात कुठला 'ओ' गाळणार? 'सैल' शब्द 'लूस' असा म्हणण्याची जिभेला सवय लावली, की स्पेलिंग आपोआप सुटे होते.

अशा जोड्यांची इंग्रजीत रेलचेल आहे आणि पुष्कळदा त्या जुळ्या बहिणी असतात. वह्या-पेन्सिलींची 'स्टेशनरी' आणि जागच्या जागी थांबलेले वाहन ज्याने वर्णितात तो 'स्टेशनरी' यांत फरक शेवटून तिसऱ्या अक्षराचा: वह्यांना 'ई', थांबलेल्याला 'ए'. लिफाफ्याच्या, म्हणजे 'एन्व्हलप'च्या स्पेलिंगचे पहिले अक्षर 'ई' आहे, एवढे आठवले तरी पुरे. पण गंमत त्यापुढे आहे. गावोगाव फिरणाऱ्या फेरीवाल्यांच्या काळात जो विक्रेता एका जागी ठाण मांडून बसे तो 'स्टेशनर'; म्हणून त्याच्याकडचा माल 'स्टेशनरी'. रेल्वेचे 'स्टेशन' त्याच लॅटिन घराण्यातले. म्हणजे कळमेश्वरचे स्थानक, तिथे उभी असलेली गाडी आणि शाळेजवळचे वह्यांचे दुकान हे तिन्ही सख्खे निघाले! 'इट्स'चेही तसेच. 'त्याचे' या अर्थी अपॉस्ट्रॉफी नको, 'ते आहे' या अर्थी हवी, हा नियम आज शाळकरी वाटतो. पण १६११ साली छापलेल्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलच्या मूळ आवृत्तीत 'त्याचे' या अर्थाचा हा शब्द एकदाही आलेला नाही, आणि पुढे अठराव्या शतकातही इंग्रज लेखक त्यात अपॉस्ट्रॉफी घालताना दिसतात. आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत', 'पाणि' आणि 'पाणी' यांची वेलांटी-उकार सांभाळताना भल्याभल्यांची तारांबळ उडते, हे आठवले की इंग्रजीच्या या खोड्यांवर रागावण्याऐवजी ओळखीचे हसूच येते.

भारतीयांच्या इंग्रजीतल्या चुका टिपण्याची हौस तशी जुनी आहे. मुंबई इलाख्यात सनदी नोकरीत असलेल्या जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांनी १९०७ साली 'इंडियन इंग्लिश' नावाचे सबंध पुस्तकच त्यावर लिहिले. पुढे पिढ्यान्‌पिढ्यांच्या दप्तरांत जाऊन बसले ते रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते, आणि फ्रेंच परदेशी फौजेच्या साहसांची 'बो जेस्ट' ही १९२४ ची गाजलेली कादंबरी त्यांचीच. आपल्याकडे १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' सिद्ध करणारे मोरो केशव दामले हे कवी केशवसुतांचे बंधू. व्याकरणाला रूक्ष म्हणणाऱ्यांनी ही नातीगोती जरूर पाहावीत! पण रेन-मार्टिन साऱ्या हिंदुस्थानासाठी होते. 'पासून' आणि 'जरी-तरी' यांची खबर त्यांना कुठून असणार? ती होती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेला. मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य समोरासमोर बसवून, एकातून दुसऱ्यात जाताना काय गळते आणि काय नव्याने घ्यावे लागते, हे ती पाठमाला विद्यार्थ्याच्या हातून करवून घेत असे. घोकंपट्टीची म्हणून पुढे तिची थट्टा झाली. माझ्या मते ती थट्टा अस्थानी होती.

तेव्हा कळमेश्वरच्या, काटोलच्या, सावनेरच्या शाळांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना एकच विनंती. वहीत 'सिन्स फाइव्ह इयर्स' दिसले की लाल रेघ अवश्य ओढा, 'फॉर' लिहा, 'हॅव बीन' लिहा. आणि समासात, त्याच शाईने, 'पाच वर्षांपासून राहतो' हे मराठी वाक्यही लिहा.